तलावातले दोन तास परत आणा : मुंबईतून स्कूबा सहली नेणाऱ्यांना खुले पत्र

स्कूबा सहलींचे आयोजक, प्रशिक्षक आणि सेंटर चालवणारी सर्व मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं मी रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधल्या हवेचा दाब उतरवून ती तोंडात श्वासाजोगी पोचवणारं यंत्र, उघडतोय, धुतोय, त्यातल्या रबरी कड्या (ओ-रिंग) बदलतोय, दाब तपासून परत जोडून देतोय. सुरुवातीला गोदीत जहाजांच्या तळाशी काम करणाऱ्या पाणबुड्यांचं सामान यायचं. आता निम्म्याहून जास्त सामान तुमचं असतं. तुम्ही मला काका म्हणता, दिवाळीला फराळाचा डबा पाठवता. त्यामुळे हे पत्र लिहिणं मला सोपं गेलेलं नाही. आधी तिघांशी मी फोनवर बोललो. तिघांचंही उत्तर जवळपास एकच होतं, "काका, सगळेच तलावाचं सत्र काढणार आहेत, मी एकट्याने काय करू?" म्हणून आता सगळ्यांनाच लिहितो आहे आणि उघड लिहितो आहे. तुमच्याकडे पैसे भरणाऱ्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

या हंगामाच्या तोंडावर तुमच्यातल्या काही जणांनी मिळून ठरवलं की पहिल्यांदाच पाण्याखाली जाणाऱ्यांचं मुंबईतल्या तरणतलावातलं सत्र पॅकेजमधून काढायचं. ज्याला हवं असेल त्याने वेगळे पैसे भरून ते करावं. बाकीच्यांना मालवणला जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्ये मोबाईलवर व्हिडिओ पाठवायचा, सकाळी होडीवर दहा मिनिटं माहिती द्यायची आणि उतरवायचं. कारणं मला सांगितली गेली ती अशी : तलावाचं भाडं वाढलं, शनिवारी सकाळची वेळ मिळत नाही, आणि नाहीतरी खोली पंचवीस फुटांची, त्यात सेंटरची मुलं पाण्याखाली पर्यटकाला धरूनच ठेवतात, मग होणार काय?

भाडं आणि वेळ, दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. मुंबईचा समुद्र इतका गढूळ आहे की इथे शिकवायचं तर तलावाशिवाय पर्याय नाही, आणि तलाव मोजकेच. ते मला मान्य. पण उरलेलं कारण चुकीचं आहे, आणि तुम्ही प्रशिक्षित माणसं असल्यामुळे ते चुकीचं आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पंचवीस फूट म्हणजे साधारण साडेसात मीटर. पृष्ठभागावर एक बार दाब असतो, दहा मीटरवर दोन बार, वीस मीटरवर तीन. म्हणजे दाब दुप्पट होतो तो पहिल्याच दहा मीटरमध्ये. त्यापुढे कितीही खोल गेलात तरी इतक्या कमी अंतरात तो पुन्हा दुप्पट होत नाही. साडेसात मीटरवर एखाद्याने पाच लिटर हवा छातीत भरून घेतली, घाबरून श्वास रोखला आणि तो वर झेपावला, तर त्याच हवेला पृष्ठभागाशी पावणेनऊ लिटर जागा लागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. भरलेल्या छातीने श्वास रोखून वर आलं तर जेमतेम सव्वा-दीड मीटर खोलीतही फुप्फुस फाटू शकतं. तुमच्या प्रत्येक पुस्तकात पहिला नियम म्हणून छापलेलं असतं, श्वास कधीही रोखू नका. पण माणसाच्या नाकात पाणी गेलं की तो काय करतो? श्वास रोखतो आणि वर बघतो. जन्मापासूनची सवय आहे ती. बसमधल्या व्हिडिओने ती जात नाही. कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्यायचं, नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं, तोंडातला रेग्युलेटर काढून परत लावायचा, हे चार-पाच वेळा केलं की ती सवय थोडी ढिली पडते. तलावातले दोन तास असतात ते यासाठी. आणि तिथे कुणी घाबरला तर तो नुसता उभा राहतो.

धरून ठेवण्याबद्दल. मुलं पाठीमागून सिलिंडर धरतात, जॅकेटमधली हवा कमी-जास्त करतात, पर्यटक बुडत नाही की भरकटत नाही, हे खरं. पण धरता येतं ते बाहेरून. पाण्याचा दाब वाढेल तसे कान आतून ज्याचे त्यालाच मोकळे करावे लागतात, श्वासही ज्याचा त्यालाच सोडावा लागतो. ही दोन कामं दुसऱ्या कुणाच्याही हातात नाहीत, आणि नेमकी तीच तुम्ही शिकवायची सोडून देताय.

आता माझ्या घरातलं सांगतो.

माझी पुतणी गेल्या वर्षी मैत्रिणींबरोबर गेली होती. शुक्रवारी रात्री दादरहून बस, शनिवारी सकाळी होडी. तलावाचं सत्र यादीत होतं, पण त्या आठवड्यात "जमलं नाही". तिला दोन दिवसांपूर्वीपासून सर्दी होती, आणि सर्दीत कान मोकळे होणं अवघड जातं. होडीवर एक कागद आला, त्यावर सगळ्यांनी एकाखाली एक सह्या केल्या. प्रश्न वाचायला वेळ नव्हता, कागदही इंग्रजीत होता. सर्दी आहे का, दमा आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का, कुणीही तोंडाने विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, ती लपवणाऱ्यातली नाही.

तिचा व्हिडिओ मी पाहिला आहे. पुन्हा पुन्हा पाहिला आहे. अकराव्या सेकंदाला तिचा डावा हात कानाकडे जातो. धरणारा मुलगा तिच्या मागे आहे, त्याला तो दिसत नाही. समोर कॅमेरा घेतलेला आहे, त्याला दिसतो, पण तो तिला बोटांनी 'ओके' करून दाखवायला सांगतो. ती बिचारी करते. तिला कान दुखतोय हे कुठल्या खुणेने सांगायचं ते आठवत नव्हतं. दहा मिनिटांत सांगितलेल्या सात-आठ खुणांमधली तिच्या लक्षात राहिलेली तेवढी एकच होती. मग तिला आत काहीतरी फुटल्यासारखं वाटलं आणि सगळं पाणी गरगर फिरायला लागलं. पडदा फाटला आणि गार पाणी मधल्या कानात गेलं की तसंच होतं, वर कुठे नि खाली कुठे ते कळत नाही. रेग्युलेटर तोंडातून सुटला नाही, ती श्वास घेत राहिली, आणि त्या मुलाने तिला सावकाश वर आणलं. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही. पडदा पुढे आपोआप भरून आला. पण तेव्हापासून ती खडकावर आदळणाऱ्या लाटेचा आवाज ऐकला तरी दचकते.

ते सेंटर कुठलं, हे मी लिहिणार नाही. एका सेंटरची अब्रू काढून काही साधणार नाही, कारण या हंगामापासून सगळ्यांची पद्धत तीच होणार आहे.

दुसरी तक्रार माझ्या टेबलावरची आहे. तुम्ही जे देता ते लोक निमूटपणे तोंडात धरतात. ते काय तपासणार? त्यांच्यातले बहुतेक पाठीवरच्या नळकांड्याला 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात आणि तुमच्या जाहिरातीही तेच छापतात. त्यात साधी हवा असते, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी जवळपास सगळा नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलं तर तोच विषारी ठरतो. निदान हा शब्द तरी दुरुस्त करा. ज्याला आपण काय श्वासात घेतोय हेच ठाऊक नाही, तो तुम्हाला प्रश्न कुठून विचारणार?

रेग्युलेटरच्या फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाच्या, तोंडाशी धातूची एक बारीक जाळी असते. ती मी उघडली की सेंटर कसं चालतं ते मला कळतं. हिरवी पडलेली असेल तर खारं पाणी आत गेलंय, म्हणजे टोपण न लावता धुतलं गेलंय. तांबूस भुकटी असेल तर स्टीलचा सिलिंडर आतून गंजतोय. गेल्या हंगामानंतर माझ्याकडे आलेल्या सामानात दोन्ही रंग पाहिले, आणि एकात दोन्ही एकत्र. ती जाळी तुंबत गेली की सिलिंडर भरलेला असूनही पाण्याखाली हवा ओढून घ्यावी लागते, आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. रेग्युलेटर उत्पादकाने दिलेल्या मुदतीत उघडायचा असतो, बहुतेक बनावटींत वर्षाला एकदा. "चालतंय ना काका, बंद पडला की आणतो," हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. दोनशे बारचा दाब त्या पितळेच्या तुकड्यातून उतरून तुमच्या पाहुण्याच्या घशात जातो.

सिलिंडरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर हा माझ्या झोपेचा प्रश्न आहे. इंजिनवर चालणारा असेल आणि वारा फिरला, तर इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या नळीत जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, चव नाही. खोलीवर दाब वाढला की श्वासातल्या त्याच्या त्याच प्रमाणाचा जोरही तेवढ्या पटीने वाढतो. युरोपातलं मानक, ईएन १२०२१, श्वसनाच्या हवेत याची मर्यादा दहा लाखांत ५ भाग इतकीच ठेवतं. तुमच्यापैकी किती जण फिल्टर किती तास वापरला ते लिहून ठेवतात? मला आजवर अशी वही दाखवणारं एकच सेंटर भेटलं आहे. सिलिंडरांची जलदाब चाचणी तर ठरलेल्या मुदतीत करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये ते आहे. चाचणीची तारीख सिलिंडरच्या गळ्यावर ठोकलेली असते. ती वाचायला कुणाचीच परवानगी लागत नाही, हे मी इथे पर्यटकांसाठी लिहितो आहे.

आता त्या मुलांबद्दल, कारण त्यांच्याविषयी कुणीच बोलत नाही.

माझं गाव मालवण तालुक्यातलं. माझे चुलतभाऊ अजून रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं, ओढतात. तुमच्याकडे पर्यटकांना धरून खाली नेणारी मुलं बहुतेक त्याच घरांतली आहेत. दर्या त्यांना माझ्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षाही जास्त कळतो. पण दर्या कळणं वेगळं आणि रक्तात विरघळणारा नायट्रोजन कळणं वेगळं. त्यातल्या एकाने मला सांगितलं की सुट्टीच्या रविवारी त्याने चौदा फेऱ्या मारल्या. चौदा वेळा खाली, चौदा वेळा वर. खोली कमी असली तरी असं सतत खाली-वर करणं शरीराला घातक असतं, हे पाणबुड्यांच्या वैद्यकात जुनं ज्ञान आहे. किती खोल, किती वेळ गेलो हे मोजून सावध करणारा डाइव्ह कॉम्प्युटर त्याच्या मनगटावर नव्हता. संध्याकाळी खांदा दुखतो म्हणाला, "वजन उचलतो ना, म्हणून असेल." असेलही. पण सांधेदुखी हे डीकम्प्रेशन आजाराचं, म्हणजे विरघळलेल्या त्या नायट्रोजनचे वर येताना शरीरात बुडबुडे होण्याचं, लक्षणही असतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पर्यटक एकदा उतरतो आणि घरी जातो. हा मुलगा ऑक्टोबरपासून मेपर्यंत उतरत राहतो. त्याला काही झालं तर त्याच्या घरी पैसे कोण पाठवणार?

आणखी एक गोष्ट. परत येताना तुम्ही लोकांच्या हातात एक कागद देता. त्यावर मोठ्या अक्षरांत 'सर्टिफाइड' असतं. पंधरा मिनिटांच्या चवीला प्रमाणपत्र म्हणत नाहीत. पाडी (PADI) या डाइव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ज्या ओपन वॉटर कोर्सला जग ओळखतं, त्यात २०० मीटर न थांबता पोहावं लागतं, १० मिनिटं तरंगत राहावं लागतं, खुल्या पाण्यात चार डाइव्ह कराव्या लागतात, आणि एवढं करूनही मर्यादा १८ मीटरची. अनुभवापुरत्या डाइव्हची मर्यादा १२ मीटर, तीही प्रशिक्षकासोबतच, आणि एका प्रशिक्षकामागे खुल्या पाण्यात जास्तीत जास्त चार जण. आंतरराष्ट्रीय मानकांतही दोन्हींचे कागद वेगळे आहेत, अनुभवासाठी आयएसओ १११२१ आणि स्वतंत्र डाइव्हरसाठी आयएसओ २४८०१ चा दुसरा भाग. हा फरक तुम्ही पुसलात तर काय होईल? शासनाने नौदलातून निवृत्त झालेलं 'गुलदार' जहाज निवती रॉकजवळ पाण्याखालचं संग्रहालय म्हणून वापरण्याची योजना आखली आहे. मला तिचा आनंद आहे, कोकणातल्या कितीतरी घरांना त्यातून काम मिळेल. पण तुमचा तो कागद खिशात घेऊन उद्या एखादं बावीस वर्षांचं पोर तिथे जाऊन म्हणेल, मी सर्टिफाइड आहे, मला आत जायचंय. बुडालेल्या जहाजाच्या आत डोक्यावर पाणी नसतं, लोखंड असतं. सरळ वर येता येत नाही.

होडीबद्दल फार लिहीत नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून दोन पर्यटक गेले, ते तुम्ही सगळे जाणता. पण पाण्याबाहेर आल्यावर काही बिघडलं तर तुमच्या किती होड्यांवर प्रथमोपचाराचा खरा ऑक्सिजन असतो? डीकम्प्रेशन आजारासाठी लागणारा दाबकक्ष मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. मालवणहून रस्त्याने अंतर सुमारे ५०० किलोमीटर. त्यामुळे होडीवरचा तो ऑक्सिजन आणि आधीच ठरलेली फोनची साखळी, एवढंच काय ते हातात राहतं. शिवाय २०२१ मध्ये सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सुरू झाला. सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान असा कार्यक्रम मी एका पत्रकावर पाहिला. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर १८ तास उडू नये, ही सर्वमान्य शिफारस आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

तलावाचं सत्र पॅकेजमध्ये परत घ्या, ठरलेल्या किमतीतच. तलाव मिळाला नाही तर ती तुकडी पुढच्या आठवड्यात न्या. किंमत वाढवावी लागली तर वाढवा आणि का वाढवली ते सांगा. लोक समजून घेतात.

आरोग्याची प्रश्नावली पैसे घेतानाच द्या, मराठीत आणि हिंदीत. 'हो' असं एकही उत्तर आलं तर डॉक्टरांची सही मागा. सर्दी असेल त्याचे पैसे कापू नका, तारीख बदलून द्या. पैसे जातील या भीतीने लोक सर्दी लपवतात.

प्रत्येक रेग्युलेटरला शेवटच्या तपासणीची तारीख बांधलेली असू द्या, आणि कॉम्प्रेसरच्या फिल्टरची वही कुणीही मागितली तर दाखवा.

कॅमेरावाल्याचं काम पर्यटकाचे डोळे आणि हात बघणं हे आधी, चित्रीकरण नंतर.

खाली नेणाऱ्या मुलांच्या दिवसाच्या फेऱ्यांना मर्यादा घाला, ती डाइव्हिंगचं वैद्यक जाणणाऱ्या डॉक्टरला विचारून ठरवा. प्रत्येकाच्या मनगटावर कॉम्प्युटर आणि प्रत्येकाचा विमा, हे तुमच्या खर्चाने.

होडीवर ऑक्सिजन ठेवा. आणि त्या कागदावरचा 'सर्टिफाइड' शब्द काढून 'अनुभव' लिहा.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, नोंदणीची पद्धत आहे. पण यातल्या एकाही गोष्टीसाठी तुम्हाला शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. जसं सत्र काढायचं तुम्ही मिळून ठरवलंत, तसंच ते परत आणायचं मिळून ठरवता येईल.

माझ्या बाजूने मी दोन गोष्टी करतो. तलावाच्या सत्रासाठी वापरायचे रेग्युलेटर या हंगामापुरते मी मजुरी न घेता तपासून देईन, सुट्या भागांचे पैसे तेवढे द्या. आणि आजपासून माझ्या टेबलावर नापास झालेला रेग्युलेटर "तात्पुरता चालेल असा करून द्या" म्हटलंत तर मी तो जोडून देणार नाही, सुटा करून पिशवीत परत देईन. यामुळे काही गिऱ्हाइकं जातील, याची मला कल्पना आहे.

दिवाळीच्या आदल्या रविवारी दुकान रात्री नऊपर्यंत उघडं आहे. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी यावं, सेंटरचं नाव टेबलावरच्या वहीत लिहावं. ती यादी मी दुकानाच्या दारावर लावीन. कुणी विचारलं, काका, स्कूबाला कुणाकडे जाऊ, तर मला काहीतरी उत्तर देता आलं पाहिजे.

माझी पुतणीही हेच विचारते आहे. कानाच्या डॉक्टरांनी आता हरकत नाही म्हटलंय, आणि तिला पुन्हा एकदा, या वेळी नीट शिकून, खाली जायचं आहे. तिला मी अजून कुणाचंच नाव सांगितलेलं नाही.

तुमचा,
रेग्युलेटरवाला काका
माझगाव, मुंबई